एकशेवीसवाले काका

खरं सांगा, आजवर तुम्ही जास्तीत जास्त किती वेगाने गाडी चालवली आहे, आणि तो आकडा चारचौघांत सांगताना त्यात पदरचे किती घालता? दहा? वीस? की काट्याकडे बघायलाच सवड नव्हती आणि सगळाच आकडा मनाचा आहे?

मी हा प्रश्न उगाच विचारत नाही. भिवंडीत, नारपोलीतल्या एका सायझिंगच्या ऑफिसात मी चार वर्षं गेटपास लिहीत होते आणि या आकड्याने माझं डोकं उठवलं होतं. सायझिंग म्हणजे सुताला खळ पाजण्याचा कारखाना. खळ दिलेलं, वाळवलेलं सूत लोखंडी बीमवर, म्हणजे जाड रुळावर, गुंडाळतात. तो बीम टेम्पोत चढतो, लूमच्या शेडमध्ये जातो आणि तिथे त्याचं कापड होतं. बीम बाहेर पडताना पास लिहायचा ही माझी ड्युटी. माझ्या खिडकीखाली एक लांब बाकडं होतं आणि शेजारी चहाची टपरी. ते लोडशेडिंगचे दिवस होते. दुपारी लाइट गेली की मशीन थांबायचं, भरायला माल नसायचा आणि सगळे ड्रायव्हर त्या बाकड्यावर येऊन बसायचे. मग कोणीतरी हमखास काडी टाकायचा, "हां, तो बताओ, सबसे फास्ट किसने मारी है?"

झालं. पुढचे दोन तास माझी सुटका नाही.

न्हावाशेव्याला कंटेनर नेणारा एक ड्रायव्हर होता. त्याला सगळे न्हावाशेवावाला म्हणायचे. तो सांगायचा, ट्रेलरवर लोड असताना त्याने शंभर गाठली होती आणि मागची पोलिसांची जीप दमून परत गेली. कोणी सांगायचा, माळशेज अर्ध्या तासात उतरलो. कोणी सांगायचा, नवा हायवे झाला त्या दिवशी नव्वदवर हात सोडून बिडी पेटवली. यांच्यातल्या प्रत्येकाच्या ओळखीचा एक तरी ड्रायव्हर रस्त्यावर मेलेला होता. त्याच्या तेराव्याला जाऊन आलेले हे लोक परत त्याच बाकड्यावर बसून आकडे सांगत होते. मी खिडकीतून ओरडायचे, "लाज नाही वाटत?" तर न्हावाशेवावाला वर बघून म्हणायचा, "मॅडम, आप भी बताओ ना, सायकल पे कितना मारा?"

आणि सगळ्यांचं सांगून झालं की बाकड्याच्या टोकाला स्वतःचं गोणपाट अंथरून बसलेले काका बशीतला चहा संपवायचे, मिशी पुसायचे आणि म्हणायचे, "एकशेवीस."

ते जवळच्याच दिघाशी गावचे. घरची थोडी भातशेती भावाकडे, आणि यांच्या नावावर एक जुना चारचाकी टेम्पो. आमच्या सायझिंगचे बीम ते वीस वर्षं वाहत होते. वय साठीला टेकलेलं. बाकड्यावर कोणी त्यांना नावाने हाक मारल्याचं मला आठवत नाही. सगळे म्हणायचे एकशेवीस. मी म्हणायचे काका.

एकशेवीसची जागा दर वेळी बदलायची. कधी पडघ्याजवळ, कधी कसाऱ्याच्या अलीकडे, एकदा तर थेट अंजूरफाट्यावर. अंजूरफाट्यावर तुम्ही कधी गेला असाल तर तुम्हाला माहीत असेल, तिथे सकाळी अडकलेला माणूस दुपारी सुटतो. भिवंडीत एकशेवीसच्या वेगाने फक्त अफवा जाते. पण काका दोन्ही हातांनी हवेत स्टेअरिंग धरायचे आणि सांगत सुटायचे.

"रस्ता मोकला. गाडी खाली, माल न्हाय. मी दाबला. साठ, अंशी, शंबर, एकशेवीस! तवर काय, समोरून म्हैस आली."

"फिर?"

"मंग मी ब्रेकवर पाय ठेवला. एकदम न्हाय. आदी जरासा. मंग सोरला. मंग परत जरासा. म्हैस घाबरली न्हाय पायजे ना. तिच्या पोटात वासरू होता."

पुढची पाच मिनिटं ते गाडी कशी थांबवली तेच सांगायचे. दुसऱ्यांच्या गोष्टींत गाड्या थांबतच नसत, यांच्या गोष्टीत गाडी थांबायलाच निघालेली असायची. एकदा म्हैस, एकदा लग्नाची वरात, एकदा रस्त्यावर वाळत घातलेलं भात. बाकडं हसायचं. त्यांना वाटायचं, आपल्या हिमतीला दाद मिळते आहे.

त्यांच्या टेम्पोचं स्पीडोमीटर बंद होतं. काटा शून्यावर आणि त्या काचेवर एकवीरेचा फोटो चिकटवलेला. मी एकदा विचारलं, "काका, मीटर बंद आहे, वरून देवी. मग एकशेवीस कळलं कसं?"

"कानाला कलतं, बाय."

"कानाला?"

"तू गानी ऐकतंस ना? मंग तुला सूर कसा कलतो? मीटर लावतंस कानाला?"

 मी पास फाडून त्यांच्या हातात दिला.

आता माझ्याबद्दल दोन वाक्यं, कारण पुढे माझा संबंध येतो. आमचं घर मास्तरांचं. वडील शाळा सुटली की पत्रकं लिहायचे. पाण्याच्या नळासाठी, कामगारांच्या शौचालयासाठी, शाळेच्या गळक्या छपरासाठी. मी अक्षरं जुळवायला शिकले ती त्या पत्रकांच्या उरलेल्या कागदांवर. त्यामुळे कशाचाही संताप आला की माझा हात आपोआप कागदाकडे जातो. त्या पावसाळ्यात आमच्या भागात रस्त्यावर एकामागून एक माणसं गेली आणि बाकड्यावरचे आकडे काही थांबेनात. तेव्हा मी पत्रक काढलं. पिवळा कागद, एक बाजू. मथळा होता, 'वेगाची बढाई म्हणजे खुनाची तयारी'. त्यातला तिसरा परिच्छेद असा होता: 'आमच्या सायझिंगमधला एक वयस्क टेम्पोचालक छाती फुगवून सांगतो की त्याने बीम वाहणारी गाडी एकशेवीसने हाकली आहे. ज्यांनी तरुणांना आवरायचं, तेच असं बोलू लागले तर?'

हे मी लिहिलं तेव्हा ते खोटं आहे हे मला माहीत होतं. वाक्य त्यांचंच होतं, मी जोडलेलं नव्हतं, एवढंच मी स्वतःला समजावलं. पत्रकाला एक माणूस लागतो, आणि तो मला आयता सापडला होता.

मला वाटलं होतं, वाचून ते खजील होतील. ते खिडकीशी आले ते पत्रक छातीशी धरून.

"हे माज्याबद्दल हाय?"

"हो." मी भांडायच्या तयारीत.

"मंग नाव न्हाय छापलंस गो?"

"काका, मी तुमची निंदा केली आहे."

"ती केलीस, पन एकशेवीस छापलास ना. आता न्हावाशेवावाला काय बोलंल? छापलेला हाय!" आणि त्यांनी माझ्याकडून आणखी दहा प्रती घेतल्या. त्यातली एक त्यांनी पिठाची खळ लावून टेम्पोच्या पुढच्या काचेवर, डाव्या कोपऱ्यात चिकटवली. माझं वेगाविरुद्धचं पत्रक भिवंडीतल्या सगळ्यात सावकाश गाडीवर वेगाचं प्रमाणपत्र होऊन फिरू लागलं. मी त्यांना ते काढायला सांगून सांगून थकले.

सगळ्यात सावकाश, हे मी ऐकीव सांगत नाही. पत्रकाच्या वर्षभर आधी मी त्या टेम्पोतून गेले होते. निजामपुऱ्यातल्या एका शेडचा पास चुकला होता, तो बदलून द्यायला शेठनी मला काकांबरोबर पाठवलं. चालत गेलं तर पाऊण तासाचा रस्ता. आम्हाला सव्वा तास लागला.

निघण्याआधी त्यांनी चारी बीमच्या दोऱ्या ओढून बघितल्या. मग परत बघितल्या. मग गाडी पहिल्या गियरमध्ये टाकली आणि आम्ही निघालो. शंभर पावलांवर पहिला खड्डा आला. त्यांनी गाडी थांबवली, सीटमागून बांबूची काठी काढली, खाली उतरले आणि खड्ड्यातल्या पाण्यात काठी बुडवली. ती वर काढून ओल कुठपर्यंत आली ते बघितलं, खड्ड्याच्या दोन्ही बाजूंना पाय आपटून बघितले आणि परत येऊन बसले.

"काय झालं?"

"खड्डा बघून आलू."

"प्रत्येक खड्डा उतरून बघणार?"

"सगले न्हाय. वलखीचे खड्डे सोरून देतू. हा नवीन हाय."

मागून हॉर्न वाजत होते. एक हातगाडीवाला आम्हाला ओलांडून पुढे गेला आणि जाताना सहानुभूतीने मान हलवून गेला. नाक्यावर भाजीची पाटी घेतलेल्या एका म्हातारीने हात केला. काकांनी तिला पुढे बसवून घेतलं. दोन गल्ल्यांनंतर ती म्हणाली, "थांब बाबा, मी उतरतंय. मना घाई हाय." आणि चालत आमच्या पुढे निघून गेली. हसावं की रडावं मला कळेना. रस्त्यात कुत्रं झोपलेलं असलं की काका हॉर्न न देता त्याच्या उठण्याची वाट बघायचे. मी म्हणाले, "काका, याच गाडीने एकशेवीस?"

"ती गोष्ट निराली," ते गंभीरपणे म्हणाले. "आता माल हाय मागं."

निजामपुऱ्यातल्या त्या शेडमध्ये एक कारागीर होता, आझमगडकडचा, चाळिशीचा. त्याच्या लूमला काकांचे बीम लागायचे. बीम उतरत असताना तो माझ्याशी बोलत होता. मी कुरकुर केली की सव्वा तास लागला. तो म्हणाला, "लगने दो, मैडम. चाचा की बीम में तार नहीं टूटता."

त्याने मला हाताने दाखवलं. बीमवर हजारो तार, म्हणजे सुताचे धागे, एकमेकांशेजारी गुंडाळलेले असतात. गाडीने खड्ड्यात आपटी खाल्ली की बीमला हिसका बसतो, कडेचे तार सैल पडतात, एकमेकांत शिरतात. बाहेरून काही दिसत नाही. लूमवर चढवला की मग तार तुटायला लागतात, आणि तुटलेला प्रत्येक तार हाताने जोडेपर्यंत लूम बंद. कारागिराला मजुरी मिळते कापडाच्या मीटरवर. ड्रायव्हरने वाचवलेली वीस मिनिटं त्याच्या आठवडाभराच्या मजुरीतून जातात. "दूसरा गाड़ीवाला बीम लाता है तो हम पहले दुआ पढ़ते हैं," तो म्हणाला. "चाचा लाते हैं तो सीधा चढ़ा देते हैं."

परत येताना मी काकांना म्हणाले, "हे तुम्ही बाकड्यावर का नाही सांगत? हे सांगण्यासारखं आहे."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांना लुगडं नेसायला सांगितलं होतं. "गाडी जुनी हाय, म्हनून हलू घेतू," ते म्हणाले. "त्यात काय सांगायचंय? बाकड्यावर काय बोलू, मी पंधराने गेलू?"

आता तुम्हीच सांगा, अशा माणसाचं काय करायचं?

पत्रकानंतर साधारण दोन महिन्यांनी, भर सकाळी, निजामपुऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर काकांचा टेम्पो उभा असताना मागून एक मोटरसायकल येऊन त्याच्यावर आदळली. चालवणारा एका कापड व्यापाऱ्याचा पुतण्या होता. त्याच्या घोट्याचं हाड मोडलं. त्याने जबाब दिला की टेम्पो भरधाव चालला होता आणि ड्रायव्हरने मध्येच करकचून ब्रेक मारला. पोलिसांनी टेम्पो ठाण्याच्या आवारात आणून लावला आणि काकांचं लायसन्स काढून घेतलं. भरधाव आणि निष्काळजीपणे गाडी चालवल्याची केस होणार, लायसन्स रद्द होणार अशी बातमी बाकड्यावर आली. शेठनी मला पाठवलं. बाकडंही उठून माझ्या मागून आलं.

टेबलामागे एक थकलेले साहेब बसले होते. त्यांच्यासमोर काका उभे. आणि टेबलावर, टेम्पोच्या काचेवरून खरवडून काढलेलं, एक कोपरा फाटलेलं माझं पिवळं पत्रक.

"हे तुमच्याच गाडीवर होतं ना?" साहेबांनी विचारलं.

"हां."

"यातला एकशेवीसवाला ड्रायव्हर कोण?"

काकांनी दाराकडे बघितलं. दारात न्हावाशेवावाला आणि बाकीचे सहा-सात जण माना पुढे काढून उभे होते. काका ताठ झाले. "मीच."

मी पुढे झाले. "साहेब, ते पत्रक मी लिहिलंय आणि त्यातली ती गोष्ट खोटी आहे. हे चाळीसच्या वर कधी गेलेले नाहीत. यांच्या गाडीचं मीटरसुद्धा बंद आहे."

"खोटी आहे तर छापली कशाला?"

मी पत्रकाचा फाटलेला कोपरा बोटाने सरळ करत राहिले. 

साहेब काकांकडे वळले. "तुम्ही सांगा. अपघाताच्या वेळी स्पीड किती होतं?"

मी त्यांच्या शर्टाची बाही ओढली. "काका, खरं सांगा. लायसन्स जाईल."

काकांनी परत दाराकडे बघितलं. मग खाकरले. "सत्तर असंल," ते म्हणाले.

माझ्या तोंडून शिवी गेली. पोलीस ठाण्यात, साहेबांसमोर. आयुष्यात पहिल्यांदा. मी त्यांना ओढत कोपऱ्यात नेलं. "तुम्हाला वेड लागलंय का? उद्या गाडी चालवता येणार नाही तुम्हाला. वीस वर्षांचं काम जाईल."

"जाऊ दे," ते पुटपुटले. "तिकडं बघ, सगले उभे हायत."

"असू देत! उभी होती ना गाडी? सांगा की उभी होती!"

"उभी कशाला होती ते पन इचारतील मंग," ते म्हणाले. आणि मला एकदम लक्षात आलं की त्या उभ्या गाडीत ते नव्हतेच.

तेवढ्यात दारातल्या गर्दीतून वाट काढत निजामपुऱ्याचा तो कारागीर आत आला. शिफ्ट संपवून थेट आला होता, केसांत कापसाचा भुगा तसाच. टेम्पो पकडल्याचं त्याला शेडमध्ये कळलं होतं.

"साहब, मैं वहीं था. चाय पी रहा था. चाचा तो गाड़ी में थे ही नहीं."

"मग कुठे होते?"

"गाड़ी के आगे. लकड़ी लेके गड्ढा नाप रहे थे."

 साहेबांच्या ओठाचा कोपरा हलला. मग दारातून न्हावाशेवावाल्याचा जो आवाज निघाला तो मी विसरणार नाही. तो हसता हसता खाली बसला. "गड्ढा! एकशेवीस गड्ढा नाप रहा था!" सगळं दार हसत होतं. हवालदार हसत होते. साहेबांनी तोंडावर रुमाल धरला. आणि आता जे लिहिते ते लिहायला मला आवडत नाही, पण लिहिते. मीसुद्धा हसले. सुटकेचं हसू होतं, पण हसूच होतं ते. कारागीर एकटा हसत नव्हता. तो गोंधळून सगळ्यांकडे बघत होता. त्याने तर चाचांची तारीफ केली होती.

काका खाली मान घालून उभे होते. कान लाल झाले होते.

तिथल्या टपरीवाल्याचाही जबाब झाला, केस उभी राहिली नाही आणि लायसन्स त्याच आठवड्यात परत मिळालं. मी खूश होते. मला वाटलं, खरं जिंकलं. माझ्यासारख्या पत्रकं वाचून वाढलेल्या माणसांना वाटतं की खरं एकदा बाहेर आलं की काम संपतं.

बाकड्यावर त्यांचं नाव बदललं. एकशेवीसचं झालं 'खड्डा'. ते आले की कोणीतरी रस्त्याकडे बोट दाखवायचा, "काका, इसका माप लिया क्या?" कोणी गाडीच्या बोनेटवर फूटपट्टी ठेवून जायचं. लाइट गेल्यावर आकडे सांगायची वेळ आली की न्हावाशेवावाला मुद्दाम त्यांच्याकडे वळायचा, "और आपका? कितना इंच?" काका हसण्यात सामील व्हायचा प्रयत्न करायचे. मग बाकड्यावर बसायचे बंद झाले. गोणपाट टेम्पोच्या टपाला बांधून ठेवलं आणि सीटवर एकटे बसून चहा प्यायला लागले. मी खिडकीतून विचारायचे, "काका, रागावलात?" ते म्हणायचे, "न्हाय गो बाय. पास दे."

दिवाळीच्या आधीचे दिवस. सगळ्या शेड्सना एकदम माल हवा होता. चार बीम निजामपुऱ्याला निघाले होते, त्यातला एक त्याच कारागिराच्या लूमचा. मी पास लिहिला. काका टेम्पो घेऊन गेटमधून बाहेर पडत होते. गेटसमोर रस्त्यात पाणी साचलेलं होतं आणि त्यांनी सवयीने गाडी थांबवली. हात दाराच्या कडीवर गेला.

बाकड्यावरून कोणीतरी ओरडलं, "टेप दूँ क्या, चाचा?"

त्यांनी कडीवरचा हात काढला. एकदा बाकड्याकडे बघितलं. मग इंजिनचा असा आवाज झाला की मी खुर्चीतून उठले. टेम्पो त्या पाण्यातून उडी मारून गेला. मागचे बीम दाणकन आपटले. बाकड्याने शिट्ट्या मारल्या, टाळ्या वाजवल्या. "वाह एकशेवीस!" हे नाव त्यांना त्या दिवशी परत मिळालं. टेम्पो वळणावर एका अंगावर झुकला आणि दिसेनासा झाला. मी पळत गेले तेव्हा मला फक्त लोखंड रस्त्यावर पडल्याचा आवाज ऐकू आला.

कोणी मेलं नाही. हे आधीच सांगते, कारण त्यात कोणाचंही कर्तृत्व नव्हतं. पहिल्या वळणापलीकडच्या उतारावर मागचा फाळका तुटला, एक बीम खाली पडला आणि घरंगळत गेला. समोरून येणारा हातगाडीवाला गाडी सोडून बाजूला उडी मारून वाचला. बीमने त्याच्या गाडीचं चाक चिरडलं आणि तो गटाराच्या कडेला जाऊन थांबला. पांढरंशुभ्र सूत चिखलात लोळलं, एका बाजूचे तार दगडावर कापले गेले. काका रस्त्याच्या मधोमध उभे होते. हात हवेत तसेच होते, स्टेअरिंग धरल्यासारखे. त्यांच्या पायाजवळ तो हातगाडीवाला बसला होता.

बीम त्या कारागिराचाच होता. दुसरा तयार होऊन मिळेपर्यंत सहा दिवस त्याचं लूम बंद राहिलं, आणि दिवाळीच्या तोंडावर सहा दिवस म्हणजे त्याच्या घरी पाठवायच्या पैशांतलं बरंच काही. तो घटनास्थळी आला तेव्हा मी तिथेच होते. मला वाटलं भांडेल. त्याने खाली बसून बीमवरच्या चिखलातून एक तार उचलला, बोटांत धरला. मग वर बघून म्हणाला, "चाचा, आप भी?"

एवढंच म्हणाला.

काकांनी त्यानंतर टेम्पो चालवला नाही. हातगाडीवाल्याचं चाक बदलून दिलं, शेठना बीमबद्दल काय द्यायचं ते दिलं आणि महिन्याभरात टेम्पो विकून दिघाशीला निघून गेले. मी एकदा तिकडे जाऊन आले. ते भाताच्या पेंढ्या रचत होते. मला बघून खाट आणवली, चहा आणवला. मी बीमचा विषय काढला नाही, त्यांनीही नाही. न राहवून मी विचारलं, "काका, त्या दिवशी किती होता हो स्पीड?"

त्यांनी हातातल्या पेंढीला गाठ मारली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याकडे सांगायला खरी गोष्ट होती. म्हैस नाही, वरात नाही, मधला ब्रेक नाही. बाकड्याने डोक्यावर घेतली असती अशी गोष्ट.

"मना आटवत न्हाय," ते म्हणाले. "च्या पी, गार होतंय."

मला त्यांचा अजून राग येतो. पोलीस ठाण्यात 'सत्तर' म्हणाले त्याचा येतो, ते बाकड्यावरच्या कोणाएकाच्या 'टेप दूँ क्या'ला बळी पडले त्याचा येतो. पण त्याहून जास्त राग मला बाकड्याचा येतो, आणि बाकड्यात मी माझी खिडकी धरते. वीस वर्षं एक माणूस अलगद गाडी चालवत होता. एका कारागिराशिवाय कोणी चारचौघांत त्याबद्दल एक शब्द बोललं नाही. ज्याने बोलून दाखवलं, त्याचं बोलणं आम्ही विनोद म्हणून घेतलं. उशीर झाला म्हणून ओरडायला शेठ होते, शेडवाले होते, फोनवर 'किधर पहुँचा' विचारणारे होते. जोरात गेलेल्याला टाळ्या वाजवायला आम्ही सगळे होतो. मग त्याने अभिमान धरायचा तरी कशाचा?

म्हणून तुमच्या हातातल्या या नव्या पत्रकात मी आरोपाचा मथळा घालत नाही, निषेध करत नाही. एकच काम सांगते. तुम्ही ज्या रिक्षातून, टेम्पोतून, गाडीतून जाता, ती कोणी सांभाळून चालवली, तर उतरल्यावर मुकाट्याने निघून जाऊ नका. स्टँडवर चार-पाच ड्रायव्हर उभे असतील. त्यांच्या देखत, मोठ्याने, त्या माणसाला सांगा, "छान हळू आणलंत." तो ओशाळेल, बाकीचे हसतील. तुम्ही हसू नका. दुसऱ्या दिवशी परत सांगा.